आधी समोरच्याची बाजू

आमचे महालकरी वर गेले तेव्हा त्यांनी चित्रगुप्ताला मध्येच थांबवून आधी यमाची बाजू मांडली असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. या माणसाचं नाव निघालं की लोक दारं लावून घेतात, याला कोणी लग्नामुंजीला बोलावत नाही, रेड्यावर बसून हिंडून हिंडून याची कंबर धरली असेल, आणि एवढं करून एक माणूस कधी 'वेळेवर आलास' म्हणत नाही, असं त्यांनी डोळे मिटून, सावकाश, एकेक मुद्दा सुटा करून सांगितलं असेल. आणि शेवटी यमाकडे वळून विचारलं असेल, "बरोबर?" यमाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. पोलादपूरच्या कचेरीत मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली आहेत, तेव्हा हे मी अंदाजाने बोलत नाही.

पोलादपूरला तेव्हा महाल होता. महाल हा तालुक्याचा धाकटा भाऊ आणि महालकरी हा मामलेदाराचा. काम तेच, दरारा तेवढा कमी. शेतसारा, मोजणी, नोंदी हे तर होतंच, शिवाय कोणी कोणाची वहिवाटीची वाट अडवली किंवा बांध सरकवला, तर तो दावाही महालकऱ्यापुढेच चाले. मी महाडचा, त्या कचेरीत अव्वल कारकून. पक्षकारांच्या जबान्या लिहून घेणं आणि साहेबांचा तऱ्हेवाईकपणा निस्तरणं अशी दोन कामं सरकारने माझ्याकडे दिली होती, त्यांतल्या पहिल्याचाच पगार मिळे. साहेबांना सगळे रावसाहेब म्हणत. उंच, सडसडीत बांधा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि डोक्याचा रुमाल कायम उजव्या कानाकडे कललेला. ऐकताना ते डोळे मिटून घेत. नव्या पक्षकाराला वाटे, साहेबांना डुलकी लागली; मग तो हळूच थोडं खोटं घुसडून बघे. रावसाहेब डोळे न उघडता म्हणत, "हे मघाशी नव्हतं." त्यानंतर तो माणूस जन्मात त्यांच्यापुढे खोटं बोलत नसे, आणि बाहेर जाऊन इतरांनाही सांगे की हा साहेब झोपेतसुद्धा जागा असतो.

पण हे सगळं चालण्यासारखं होतं. त्यांचा जो खरा नियम होता त्याने मात्र महालातल्या शहाण्या माणसांनाही घाम फोडला होता. दावा घेऊन आलेल्याने स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आधी समोरच्याची बाजू सांगायची, आणि तीही अशी की समोरच्याने ऐकून 'बरोबर' म्हटलं पाहिजे. मग समोरच्याने याची बाजू सांगायची, याने 'बरोबर' म्हणायचं. दोन्हीकडून 'बरोबर' आल्याशिवाय रावसाहेब निकालाकडे फिरकतसुद्धा नसत. हे कोणत्या कायद्यात लिहिलंय, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "करू नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा, भाऊसाहेब." मी दोन दिवस कायदा चाळला. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण असं कोणी करील हे कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सुरुवातीला लोक चिडले. मग बिचकले. मग त्यांना त्यात गोडी वाटू लागली, आणि तारखेच्या आदल्या दिवशी घराघरांतून शत्रूच्या बाजूची तालीम सुरू झाली. बिरवाडीकडचे दोघे सख्खे भाऊ, नेमके पोलादपूर हद्दीतल्या एका फणसावरून भांडत आमच्याकडे आले होते. थोरल्याने धाकट्याची बाजू सांगायला सुरुवात केली: बाप गेला तेव्हा मी लहान होतो, थोरल्याने सगळी चांगली जमीन आपल्याकडे ठेवली, मला खडक दिला, त्या खडकावर एक फणस होता तोही आता मागतो. सांगता सांगता थोरल्याचा आवाज चढला, तो स्वतःवरच इतका संतापला की मध्येच थांबून म्हणाला, "रावसाहेब, मी येवढा नालायक हाय हे मला ठावंच नव्हतं." आणि दावा तिथल्या तिथे मागे घेऊन निघून गेला. धाकटा बिचारा थोरल्याची बाजू पाठ करून आला होता, ती सांगायला न मिळाल्याने हिरमुसला. शेवटी रावसाहेबांनी त्याच्या समाधानासाठी ती ऐकून घेतली. एकदा महाडचे एक वकील एका अशिलाबरोबर आले. त्यांना नियम सांगितला तेव्हा ते म्हणाले, मला माझ्या अशिलाची बाजू मांडायला आणलं आहे, समोरच्याची मांडली तर माझी सनद जाईल. रावसाहेबांना ते एकदम पटलं. त्यांनी वकिलांची अडचण वकिलांपेक्षा चांगल्या शब्दांत सगळ्यांना समजावून सांगितली, त्यांच्यासाठी चहा मागवला आणि काम संपेपर्यंत त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं.

घरीही हेच. त्यांनी कचेरीमागच्या बिऱ्हाडात वांगी लावली होती आणि शेजाऱ्याच्या बकरीने ती एका सकाळी साफ केली. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, काठी घेऊन धावल्या. रावसाहेब त्यांना आडवे गेले आणि त्यांनी बकरीची बाजू सांगितली: तिला कुंपण दाखवलेलं नाही, वांगी कोणाची हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या दारातला पाला गोड लागतो ही काही तिची एकटीची खोड नव्हे. ते संपेपर्यंत बकरीने मिरच्याही खाल्ल्या. वहिनींचा आणि त्यांचा संसार पंचवीसेक वर्षांचा, पण वहिनी म्हणत की त्यात एक धड भांडण झालं नाही. रावसाहेबांना राग आला की ते येरझारा घालत वहिनींची बाजू पुटपुटायचे, आणि चारपाच फेऱ्यांत त्यांना रागावण्याजोगं काही शिल्लकच राहायचं नाही. मग वहिनी एकट्याच रागावलेल्या उरायच्या. "भिंतीशी भांडलेलं परवडतं," असं त्या माझ्या बायकोला सांगत.

या माणसाला गर्व नव्हता असं मात्र कोणी समजू नये. पगाराचा, पदाचा, जातकुळीचा नसेल. पण दुसऱ्याची बाजू आपल्यासारखी सबंध कुलाबा जिल्ह्यात कोणाला मांडता येत नाही, अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि ती खरी असल्याने जास्तच त्रासदायक होती. एखादा पक्षकार समोरच्याची बाजू सांगताना अडखळला की त्यांचे ओठ हलू लागत. फारच रखडला तर त्यांना राहवत नसे, ते स्वतःच ती बाजू हाती घेत आणि तिला अशी काही उभी करत की ज्याची बाजू तो माणूस खुर्चीवरच्या साहेबाकडे देव दिसल्यासारखा बघत राही. गवई दुसऱ्याच्या बैठकीत बसला की त्याला जसा सूर लावल्याशिवाय चैन पडत नाही, तशातली गत. ही एक खोड पुढे नडणार हे मला दिसत होतं, पण आमच्या कचेरीत कारकुनाला दिसलेलं विचारण्याची पद्धत नव्हती.

त्या वर्षी रावसाहेबांचं नाव कायमच्या मामलेदारीसाठी वर गेलं होतं. उभी नोकरी त्यांनी कारकुनीतून चढत चढत काढलेली, आता थोडीच वर्षं उरली होती. याच वर्षी हुकूम आला तर आला, नाही तर कधीच नाही. वहिनी देवापुढे नवस बोलल्या होत्या. रावसाहेब वरवर काही दाखवत नसत, पण एकदा आंबेनळीच्या घाटातून परत येताना ते आपण होऊन म्हणाले, "तालुक्याला रोज दावे असतात, भाऊसाहेब. इथे महालाला आठवड्यात एखादा येतो." एखाद्याने दूरच्या गावच्या मेजवानीबद्दल बोलावं तसं ते बोलले. मामलेदाराच्या मानाबद्दल, गाडीघोड्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

आणि नेमकी तेव्हाच गडग्याची केस आली. आंबेनळीच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून ओळखतात. वाडीतले पुरुष मुंबईला, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. वाडी चालवायच्या त्या बायका. वाडीतून खाली बाजाराला यायची पायवाट खोतांच्या शेताच्या कडेने जात असे. खोत वयस्कर, अंगाने भारी, मनाने वाईट नव्हेत पण मानी. वाडीची गुरं वाटेवरून सुटून त्यांच्या भाताच्या रोपांत शिरत, म्हणून त्यांनी वाटेवर दगडांचा गडगा रचला आणि वाट बंद केली. आता वाडीला खाली यायचं तर वळसा घालून वहाळातून यावं लागे. उन्हाळ्यात त्या वहाळात पोरं गोट्या खेळत. पावसाळ्यात त्याचं नाव काढलं तरी म्हाताऱ्या बाया हात जोडत. वाडीने वाट मोकळी करून मिळण्याचा दावा लावला, आणि वाडीच्या वतीने उभी राहिली भागी नावाची बाई. चाळिशीची, कमरेला कोयता, आणि आवाज असा की डोंगराच्या पलीकडे हाक मारायला तिला ओरडावं लागत नसे.

पहिल्या तारखेला भागीने खोतांची बाजू सांगितली. नुसती सांगितली नाही. तिने पदर खांद्यावर उपरण्यासारखा घेतला, पोट पुढे काढलं आणि खोतच होऊन बोलायला लागली. "मी खोत हाय. माजं गुडघं दुखतात. मी गेल्या साली राब भाजला, रोपं केली, आन् ह्या वाडीची गुरं येऊन सगळी खाऊन गेली. सांगाया गेलो तं ती भागी माज्याच अंगावर येते. मंग मी गडगा घातला. नाय घातला तं ह्या पावसाळ्यात शेतात लावू काय?" मग पदर सारखा करून ती आपल्या आवाजात म्हणाली, "आमची गुरं वांड हायेत रावसाहेब, त्ये काय खोटं नाय." सगळी कचेरी हसत होती. खोत इतके खूश झाले की दोनदा 'बरोबर' म्हणाले, आणि मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं अशी पुस्तीही जोडली.

मग खोतांची पाळी आली. खोत म्हणाले, यांना फुकटात वाट पाहिजे, हीच यांची बाजू. भागीने मान हलवली, "नाय." तारीख पडली. पुढच्या खेपेला खोत म्हणाले, यांना वळसा लांब पडतो. भागी म्हणाली, "अर्धी झाली." पुन्हा तारीख. त्यानंतर खोतांनी हट्ट धरला की आपल्याला यापलीकडे काही सुचत नाही. रावसाहेब त्यांच्यावर रागावले नाहीत. एखाद्याला एखादी गोष्ट माहीतच नसेल तर तो सांगणार कुठून, अशी खोतांची बाजू त्यांनी मला तिथेच समजावून सांगितली. मग पुढची सुनावणी त्यांनी वाडीत ठेवली. आषाढात. आणि वाट तर खोतांनीच बंद केलेली असल्याने सगळ्यांनी वहाळातूनच यायचं, असं ठरलं.

त्या दिवशीचं मी फार सांगत नाही, कारण सांगताना अजून मला हुडहुडी भरते. दप्तर मेणकापडात बांधून मी डोक्यावर घेतलं होतं. रावसाहेब एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात छत्री धरून बगळ्यासारखे पाय टाकत पुढे चालले होते. वहाळाला ओढ होती, पाणी मांड्यांपर्यंत. मध्यावर खोतांचा पाय सरकला, ते बसले ते उठेचनात, आणि त्यांची एक वहाण सावित्री नदीच्या दिशेने कायमची निघून गेली. वाडीच्या बाया काठावर आमची वाट बघत उभ्याच होत्या. भागी आणि आणखी तिघी पाण्यात उतरल्या, त्यांनी खोतांना बाहेर ओढलं. गुडघा दुखावल्याने खोतांना चालता येईना, तेव्हा वाडीत आजाऱ्याला न्यायला जी घोंगडीची झोळी असते ती बांबूला बांधून त्यांनी खोतांना तीत घातलं, आणि पुढचा ओढा ओलांडून चढावरून खांद्यावर वाडीत नेलं. झोळीत बसूनही खोतांनी छत्री उघडी धरली होती. मी मागून चालत होतो आणि हसू आवरण्यासाठी रामरक्षा म्हणत होतो.

भागीच्या पडवीत सगळे बसले. तिने गूळ घातलेला बिनदुधाचा चहा दिला, नाचणीची भाकरी दिली.  रावसाहेबांनी खोतांना काही विचारलं नाही, नुसते डोळे मिटून बसले. मग खोत आपण होऊन म्हणाले, "झोळीतून मला यांचे पाय दिसत होते. कुठे ठेवतात, कसे सरकतात. चौघी होत्या आणि मी ओरडत होतो, म्हणून पोचलो. झोळीत अडलेली बाई असेल आणि न्यायला दोघीच असतील, तर त्या पोचायच्या नाहीत. यांचे पुरुष मुंबईला आहेत. माझी वाट बंद झाली तेव्हा यांचं पावसातलं आजारी पडणंच बंद झालं, आणि आजारपण काही कोणाच्या हातात नसतं. अशी यांची बाजू आहे." भागीने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.  "बरोबर," ती म्हणाली. मी लिहून घेतलं. माझ्या सगळ्या नोकरीत एवढी चांगली जबानी मी लिहिली नाही.

निकाल सोपा होता. गडगा वाटेपुरता पाडायचा, तिथे बांबूचं बेडं बसवायचं, म्हणजे माणूस जाईल आणि गुरं अडतील. आणि रोपं हातभर होईपर्यंत वाडीने पाळीपाळीने गुरं राखायची. खोतांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या गड्यांकडून गडगा पाडून घेतला. गोष्ट इथेच संपायची, पण पोलादपूरचा बाजार संपू देईल तर ना. खोतांना वाडीच्या बायांनी खांद्यावरून नेलं हे बाजाराला कळलं. मग काय, खोत दिसले की कोणी वरात कधी निघणार म्हणून विचारी, कोणी पाटपाणी मांडू का म्हणून विचारी. महाडपर्यंत पोचलं. मानी माणूस तो. गुडघ्याचं दुखणं त्यांनी सोसलं असतं, पण हसणं सोसेना. त्यांनी महाडला जाऊन अर्ज लिहवून घेतला आणि प्रांतसाहेबांकडे धाडला: महालकऱ्यांनी मला पुरात उतरवलं, माझी बेअब्रू केली, आणि माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध बोलवून घेऊन निकाल दिला, तरी चौकशी व्हावी.

प्रांतसाहेब गुजरातेतून नवे आलेले, तरुण, समोर घड्याळ काढून ठेवून बसणारे. दिवाळीनंतर पोलादपुरात चौकशी ठेवली. मामलेदारीच्या हुकमावर सही व्हायची होती ती त्यांच्या शिफारशीवर अडून राहिली. आता सगळं या एका सकाळवर आलं. मी कायदा काढून बसलो आणि मला मोठा दिलासा वाटला, कारण उत्तर एका वाक्याचं होतं: जागेवर जाऊन पाहणी करण्याचा अधिकार कायद्याने आहे, आणि खोत जे बोलले ते आपखुशीने बोलले. बस. एवढं म्हणून खाली बसायचं. मी ते रावसाहेबांकडून मुंजीच्या बटूकडून संध्या घोकवून घ्यावी तसं घोकवून घेतलं. वहिनींनीही त्यांना स्वयंपाकघरात उभं करून म्हणायला लावलं. "वाक्य खरं आहे, भाऊसाहेब," ते म्हणाले, "पण ते शेवटी येतं." मी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा घोकवून घेतलं.

कचेरी माणसांनी भरली होती. वाडीच्या बाया खाली अंगणात बसल्या होत्या, खोत खुर्चीवर. प्रांतसाहेबांनी अर्ज वाचला आणि रावसाहेबांना म्हणाले, तुमचं म्हणणं सांगा. रावसाहेब उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले, आणि ते म्हणाले, "आधी खोतांची बाजू." त्यांना अर्ज फार कच्चा वाटला होता हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. खोतांनी पुराबद्दल लिहिलं आहे, ते म्हणाले, पण पूर हा काही मुद्दा नव्हे, पुरात तर मीही होतो. खरी तक्रार याहून मोठी आहे. समोरच्याची बाजू सांगितल्याशिवाय खोतांना निकाल मिळणार नव्हता, म्हणजे न्यायासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला आधी स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागली. जो निकाल देणार त्यानेच ती द्यायला लावली. तारखा पाडून त्यांना थकवलं. "उद्या एखादा मुका आला, लाजरा आला, किंवा नुसता मानी माणूस आला," रावसाहेब म्हणाले, "तर त्याने न्याय मागायचाच नाही काय? सरकारने महालकरी ऐकायला नेमला आहे, माणसं घडवायला नेमलेला नाही." मग ते खोतांकडे वळले. "बरोबर?"

 प्रांतसाहेबांचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. खोत तोंड उघडं टाकून बघत होते. "बरोबर," ते शेवटी म्हणाले, "पण साहेब, एवढं माझं म्हणणं नव्हतं." प्रांतसाहेबांनी विचारलं, मग निकाल फिरवून गडगा पुन्हा घालायचा आहे का? खोत घाईघाईने म्हणाले, "नको. वाट राहू द्या. वाटेबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार झोळीबद्दल होती." बाया हसल्या, आणि या खेपेला खोतही थोडे हसले. मग प्रांतसाहेब रावसाहेबांना म्हणाले, आता तुमची बाजू. मी मागून ते वाक्य ओठांनी म्हणत होतो. सगळं तेवढ्या वाक्यावर होतं आणि वाक्य तोंडपाठ होतं. रावसाहेब शांतपणे म्हणाले, "ती आता खोत सांगतील." आणि मी सांगतो ते खोटं वाटेल, पण खोत उपरणं सावरून उभे राहिलेही. त्यांना सांगायचं होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. पण प्रांतसाहेबांनी हात वर केला, अशी रीत आपण कोणत्याही कायद्यात वाचलेली नाही असं म्हणाले, घड्याळ खिशात घातलं आणि कागद मिटले.

हुकूम आला तो असा: वाटेचा निकाल कायम, मात्र चौकशीची ही पद्धत पुन्हा होता कामा नये, आणि स्वतःविरुद्धचा आरोप ज्यांनी स्वतःच इतक्या समर्थपणे मांडला त्यांना दावे ऐकण्याच्या कामावर ठेवणं इष्ट नाही. रावसाहेबांची बदली अलिबागला खजिन्यावर झाली. मामलेदारी गेली. मी संतापलो, प्रांतसाहेबांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. रावसाहेब निघाले त्या दिवशी मोटारीपाशी वाडीच्या बाया आल्या होत्या. खोत नव्या भाताचे पोहे घेऊन आले होते, आणि ते टपावर नीट चढवून बांधा असं ड्रायव्हरला बजावत होते. 

पुढे दोनतीन वर्षांनी कचेरीच्या कामाने मी अलिबागला गेलो, तेव्हा त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. लहानशा दोन खोल्या, पुढे पडवी. रावसाहेब वाळले होते. पोलादपूरची चौकशी केली, भागीची केली, बेडं टिकलं का विचारलं. मी सांगितलं, टिकलं आहे, आणि गुरं राखायच्या पाळीत आता खोतांचाही गडी असतो. त्यावर ते खूश झाले. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, रावसाहेब, मामलेदारी गेली याचं तुम्हाला काहीच वाटत नाही का? त्यांनी लगेच डोळे मिटले आणि सरकारची बाजू सांगायला सुरुवात केली. सरकारला हजारो महाल सांभाळायचे, प्रत्येकाने आपापली रीत काढली तर कारभार कसा चालायचा, प्रांतसाहेब वयाने लहान, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. इतकं सुंदर सांगितलं की माझा दोन वर्षांचा राग बसून गेला आणि त्याबद्दल मला त्यांचाच राग आला. मी म्हटलं, हे झालं सरकारचं. आता तुमचं सांगा.

ते बोलायला लागले आणि थांबले. पुन्हा तोंड उघडलं. ज्या माणसाला बकरीची बाजू सांगता येत होती, त्याला स्वतःची कुठून सुरू करायची हे सापडत नव्हतं.  तेवढ्यात वहिनी आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी कप खाली ठेवले आणि पदराला हात पुसत त्या उंबऱ्यातच बसल्या.

"ह्यांची मी सांगते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांना मामलेदारी मानासाठी नको होती. ह्यांना माणसं ऐकायची होती. खजिन्यात दिवसभर स्टॅम्प मोजतात. तिथे कोणी भांडत येत नाही, कोणी रडत नाही, कोणी खोटंसुद्धा बोलत नाही. संध्याकाळी घरी येतात आणि मला विचारतात, आज शेजारणीशी तुझं काही झालं का? मी हल्ली मुद्दाम भांडते. ह्यांना ऐकायला काहीतरी हवं ना. त्या दिवशी एक वाक्य बोलले असते तर सगळं राहिलं असतं, हे ह्यांना तेव्हाही ठाऊक होतं. पण आपलं राहावं म्हणून खोतांचं अर्धं सांगायचं, हे ह्यांना जमलं नसतं. त्याचा पस्तावा नाही. पण लागलंय ह्यांना. फार लागलंय." मग नवऱ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "बरोबर?"

रावसाहेब डोळे मिटून ऐकत होते.  काही खटकतंय का, काही राहिलंय का, हे त्यांनी नेहमीसारखं मनात तपासून पाहिलं. मग त्यांनी डोळे उघडले. "बरोबर," ते म्हणाले. इतक्या वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून फक्त प्रश्न म्हणून ऐकला होता.